दिसतंय ना मला!

वहिनी,

तू सुटलीस म्हणे. दिवसकार्य होईपर्यंत ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या तुझ्या घरी जो जो आला, तो तो जिना चढून, चपला काढून, दादासमोर सतरंजीवर बसून हेच म्हणाला. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "सुटली बिचारी." शेजारच्या गुप्ताइन डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मुक्ति मिल गई भाभीजी को, आँखों का बड़ा कष्ट था." दादा प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होता. मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होते. शेवटी राहवलं नाही. पुढे येऊन म्हटलं, "सुटली नाही ती. गेली. तिला जायचं नव्हतं."

 कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. बाई रागावली की तिला पाणी द्यायचं, एवढंच लोकांना येतं. मी तो ग्लास तसाच खिडकीत ठेवला.

दुसरा शब्द होता 'सोशिक'. तू सोशिक होतीस म्हणे. हे कुणाबद्दल बोलतायत, असं मला खरंच वाटलं. सराफ्यात उभी राहून सेठजींना "ये मोती नहीं, साबूदाना है, वापस ले जाओ" म्हणणारी तू. माझ्यावर रागावलीस की एकदम 'वन्सं' आणि 'तुम्ही' वर यायचीस. एरवी मी कुमुद आणि अगंतुगं. "वन्सं, तुम्ही आता गप्प बसा," असं म्हणालीस की मला कळायचं, आज जेवायला वाढेल पण बोलणार नाही. सोशिक कुठली! पण मेलेल्या बाईला सोशिक म्हणून टाकलं की जिवंत माणसांचं काम सोपं होतं. मग कुणी विचारत नाही, तिला काय काय सोसायला लावलं होतं ते.

मी आज तुझ्याशी भांडायला बसलेय. रडून झालंय माझं. भांडण तेवढं अर्धवट राहिलं आहे.

तू साताऱ्याहून लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. आमचं ग्वाल्हेरचं मराठी ऐकून तुला हसू यायचं. मी 'भाजी बनवली' म्हटलं की तू म्हणायचीस, "भाजी करतात, बनवतात ते कुणाला तरी." आणि काही वर्षांत तूच भाजीवाल्याशी इथल्या लश्कर भागातली अशी अस्सल हिंदी बोलायला लागलीस की मी तोंडात बोट घालायचे. येताना तू तुझ्या आईकडून एक कला घेऊन आली होतीस. नथ गुंफायची. सोन्याच्या केसासारख्या तारेत मोहरीएवढे मोती ओवायचे, मधे लाल खडा बसवायचा, तारेला असा पीळ द्यायचा की नाकाला टोचता कामा नये. इथल्या मराठी घरांतल्या मुलींच्या लग्नात पेशवाई थाटाची नथ हवी असायची, आणि सराफ्यातल्या कारागिरांना तो बाक साधायचा नाही. सेठजी पुडीत मोती पाठवायचे. तू जेवणं आटोपली की खिडकीशी पाट टाकून बसायचीस, मांडीवर पांढरा पंचा, पंच्यावर मोती. भिंगसुद्धा नाही. मी शेजारी पेपर तपासत बसायचे. आपण दोघी तासन्‌तास बोलायचो नाही, आणि तेवढं गप्प बसणं मला आयुष्यात दुसऱ्या कुणाबरोबर जमलं नाही.

मी लग्न करणार नाही असं ज्या दिवशी घरात सांगितलं, त्या दिवशी आई-अण्णा दोघं माझ्याशी बोलले नाहीत, दादा ओरडून ऑफिसला निघून गेला. तू चहाचे दोन कप घेऊन माझ्या खोलीत आलीस आणि म्हणालीस, "बरं झालं. घरात एक तरी माणूस स्वतःच्या मर्जीनं उठेल-बसेल." हे वाक्य मी विसरले नाही. आता त्याच वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. का, ते सांगते.

साखर आधी मला निघाली. आमच्या घरातच आहे ती, अण्णांना होती. मला ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी गोळ्यांच्या चिठ्ठीवर खाली लिहिलं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, दर वर्षी. मी म्हटलं, मला नीट दिसतं. त्या म्हणाल्या, "नीट दिसतं तेव्हाच जायचं असतं. दिसेनासं झाल्यावर आमच्या हातात फार थोडं उरतं." मी शाळेतली बाई. सांगितलेलं ऐकायची सवय. गेले. डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, आतला पडदा तिथल्या डॉक्टरांनी दिवा टाकून बघितला. दुपारभर अक्षर दिसलं नाही, ऊन सुईसारखं टोचलं. किला गेटजवळ मी वेगळी राहते त्या खोलीत पडदे ओढून पडून राहिले आणि संध्याकाळी उठून खिचडी टाकली. झालं. दर वर्षी हेच.

मग तुला निघाली. पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं. तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, "मीठा बंद, परहेज़ रखिए" म्हणाले, आणि डोळ्यांचा विषयसुद्धा काढला नाही. इतकी वर्षं तू त्यांच्याकडे जात होतीस. त्यांनी एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं. तुझ्या तेराव्याला ते आले होते. चांगले जेवले.

पण मी तर म्हटलं होतं ना? मी म्हणत होते, वहिनी. दर वर्षी मी जायचे तेव्हा तुलाही चल म्हणायचे. एकदा गणपती होते, घरात पाहुणे. एकदा सौरभची बारावी. तुझ्या मुलाची बारावी आणि तुझे डोळे यांचा काय संबंध, असं मी विचारलं तर तू म्हणालीस, "एक दिवस दिसणार नाही म्हणतेस, मग डबा कोण करेल?" एक दिवस डबा दादा करू शकला असता. बाजारातून बेडई-पुरी आणता आली असती. सौरभ शाळेच्या कँटीनमध्ये जेवला असता. हे मी सगळं बोलले. तू हसलीस. त्या हसण्याचा अर्थ होता, तुला काय कळणार, तू एकटी आहेस.

आणि मग दादाचा मोतीबिंदू निघाला. त्याच्या ऑपरेशनला तू त्याच दवाखान्यात गेलीस जिथे मी दर वर्षी जायचे. त्याची पिशवी सांभाळत त्याच खोलीबाहेरच्या बाकावर बसलीस. ऑपरेशननंतर ठरलेल्या वेळेला, घड्याळ लावून, तू त्याच्या डोळ्यांत थेंब घातलेस, खालची पापणी ओढून, एक थेंब इकडे तिकडे न सांडता. डोळ्यांत थेंब घालायची तुझ्याइतकी सफाई नर्सलाही नव्हती. दाराच्या आत डोळे तपासायची ती खुर्ची होती, वहिनी. चार पावलं. तू उठून आत गेली नाहीस, आणि दादाच्याही डोक्यात आलं नाही की हिला साखर आहे, हिचेही डोळे बघून घ्यावेत. डोळे बरे झाल्यावर तो घरभर म्हणत फिरला, "अरे, भिंतीचा रंग पांढरा आहे होय!" आपण सगळे हसलो.

एकदा मात्र मी तुला नेलंच. आठवतं? मीच नंबर लावला, मीच रिक्षा आणली. तू खुर्चीत बसलीस. थेंबांची बाटली हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीला विचारलंस, "कितनी देर धुंधला रहेगा?" ती म्हणाली, "शाम तक, आंटी." तू उठलीस. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं आणि नथ अर्धी पाटावर होती. "पुढच्या आठवड्यात येते," म्हणालीस आणि पर्स काखेत मारून जिना उतरायला लागलीस. मी मागून ओरडत होते. खाली रस्त्यावर येऊन तू थांबलीस, हात वर केलास आणि पार बाड्याच्या चौकाच्या बाजूला असलेल्या दुकानाची पाटी वाचून दाखवलीस. वरची ओळ, खालची बारीक ओळ, मालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "दिसतंय ना मला! अजून काय तपासायचं, वन्सं?"

मी म्हटलं, "पाटी वाचता येते म्हणजे डोळे बरे असतात असं नाही."

"मग काय असतं?"

तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. भर रस्त्यात, मागून टेंपो भोंगे वाजवतोय, तू रागावलेली. आता सांगते, कारण आता मला तोंडपाठ आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात आलेल्या त्या नव्या डॉक्टरीणबाईंनी, तरुण मुलगी ती, तुझ्या डोळ्याचा फोटो दाखवून समजावलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं त्यांना आतून खात राहते. त्या फुगतात, झिरपतात, बंद पडतात. दुखत नाही. खाजत नाही. पडद्याचा मधला ठिपका, ज्यानं आपण अक्षर वाचतो, मोती ओवतो, तो शाबूत असेपर्यंत माणसाला वाटतं सगळं छान आहे. आणि आजूबाजूला उपासमार चालू असते. मग उपाशी पडदा नव्या वाहिन्या उगवतो, त्या कच्च्या असतात, आणि एक दिवस फुटतात. हे सगळं तू पाटी वाचत होतीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत चालू होतं. तुझी नजर चांगली होती आणि डोळा सडत होता. मला हे त्या दिवशी रस्त्यात बोलता आलं असतं तर तू ऐकलं असतंस? नसतंस. तू म्हणाली असतीस, नथ उद्या द्यायची आहे.

मधल्या काळात चष्मे झाले. साखर वर-खाली झाली की तुझा नंबर बदलायचा. दादा तुला चष्म्याच्या दुकानात न्यायचा, तो मुलगा यंत्रासमोर बसवायचा, नवा चष्मा द्यायचा. महिन्याभरात तोही लागेनासा व्हायचा. ड्रॉवर भरला चष्म्यांनी. दादाला वाटायचं, बायकोच्या डोळ्यांकडे आपलं लक्ष आहे.

पहिल्यांदा तुला दोरा दिसला. नथेच्या कामात बसली होतीस आणि समोर हवेत काळा रेशमी दोरा तरंगत होता. तू तो हातानं बाजूला केलास. पुन्हा आला. मी समोर होते. तू पंचा झटकलास, साडी झटकलीस, मला म्हणालीस, "बघ गं, केसात काही अडकलंय का." काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन दोरे होते, मग काजळी. तू कुणाला सांगितलं नाहीस. सौरभच्या नोयडाच्या घराची वास्तुशांत होती, तुला जायचं होतं.

आणि तिथून परत आल्यावर, सराफ्यात, सेठजींच्या गादीवर बसलेली असताना, उजव्या डोळ्यावर लाल-काळा पडदा वरून खाली आला. तू नंतर मला सांगितलंस, दुकानाचं शटर कुणी ओढलं असं वाटलं. तिथेही तू ओरडली नाहीस. सेठजींचा चहा संपवलास. मग माझ्या घरी फोन केलास, दादाला नाही. "कुमुद, जरा येतेस?" मला तुझ्या आवाजावरूनच कळलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि खुर्ची मागे सरकवून विचारलं, "आंटी, शुगर कितने साल से है? और रेटिना कभी चेक नहीं कराया?" तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिले. आतल्या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त भरलं होतं. लेझर, इंजेक्शनं, सगळं सुरू झालं. डोळ्यात सुई घेतात ऐकून दादा बाहेर जाऊन बसला. मी तुझा हात धरला होता. तू माझी बोटं अशी दाबलीस की अंगठी रुतली, पण तोंडातून आवाज नाही. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणालीस, "म्हण ना एकदा. 'मी सांगितलं होतं.' म्हणून टाक."

मी म्हटलं नाही. तेव्हा म्हणवलं नाही. आज म्हणते. मी सांगितलं होतं, वहिनी. दर वर्षी सांगितलं होतं.

तीन-चार सुयांनी सूज उतरली, थोडं दिसायला लागलं, आणि पुन्हा तेच! सौरभच्या बायकोचं बाळंतपण. तिच्या आईची कंबर मोडली होती म्हणून तू जायलाच हवं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सुई चुकवायची नाही, दर महिन्याला यायचं. मी सौरभला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "आत्या, मम्मी ने तो बोला डॉक्टर से पूछ लिया है, बोली अभी ठीक है." तू खोटं बोललीस, वहिनी. आपल्या मुलाशी, आपल्या डोळ्यांबद्दल. नातवाला तेल लावायला गेलीस आणि परत आलीस तेव्हा उजव्या डोळ्यातला पडदा ओढला जाऊन सुटला होता. ऑपरेशनला दिल्लीला गेलो. डोळा जागेवर राहिला, नजर आली नाही. डाव्यावर लेझरनं भाजून भाजून जेवढं वाचवता आलं तेवढं वाचलं. समोरचं थोडं, मधलं. बाजूचं काही नाही. अंधार पडला की काहीच नाही.

दिल्लीहून आल्यावर मी दादाशी भांडले. तू आत झोपली होतीस, की झोपेचं सोंग घेतलं होतंस, मला माहीत नाही.

तो म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही की इतकं सिरियस आहे."

मी म्हटलं, "तुझ्या मोतीबिंदूचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"ते मला दिसत नव्हतं, कुमुद."

"हो. तुला दिसत नव्हतं म्हणून सगळं घर पळालं. तिला दिसत होतं म्हणून कुणी विचारलं नाही."

तो म्हणाला, "ती स्वतःच नाही म्हणायची. मी काय हात धरून ओढत नेऊ?"

"हो!" मी ओरडले. "हात धरून ओढत न्यायचं. ती तुला नेत नव्हती? बीपीसाठी, दातांसाठी, हर्नियासाठी?"

तो उठून गच्चीत गेला. मी त्याला वाईट माणूस म्हणत नाही. तो तुला कधी वेडंवाकडं बोलला नाही, तुझ्याशिवाय कधी जेवला नाही. पण त्याला जेवायला तू वाढत होतीस, हे त्याच्या लक्षात आलं नाही. चांगली माणसंच जास्त घात करतात कधी कधी. त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

आता ते सांगते, का मला तुझ्या त्या चहाच्या वाक्याचा राग येतो. साखर मला तुझ्याआधी झाली. तुझ्यापेक्षा जास्त वर्षं झाली. तुझ्याइतक्याच गोळ्या मी खाते, परहेज तुझ्यापेक्षा कमी करते, हिवाळ्यात तिळाची गजक समोर आली की माझा हात थांबत नाही. एकदा माझ्याही पडद्यावर ठिपके दिसले. वेळेवर दिसले, लेझर केलं, थांबले. मी आज चष्मा लावून हे लिहितेय, सुईत दोरा ओवतेय. मी तुझ्यापेक्षा हुशार नव्हते, वहिनी. माझ्या घरी फक्त त्या दिवशी चहाची कुणी वाट बघत नव्हतं. मी दुपारभर आंधळी होऊन पडून राहू शकत होते, कुणाचं काही अडत नव्हतं. सगळं खानदान ज्या बाईची कीव करत आलं, बिचारी एकटी, म्हातारपणी कोण बघणार तिला, त्या बाईचे डोळे शाबूत आहेत. आणि जिला बघायला नवरा, मुलगा, सून, नातू होते, ती गेली तेव्हा तिला स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसत नव्हत्या. तू म्हणाली होतीस, घरात एक तरी माणूस स्वतःच्या मर्जीनं उठेल-बसेल. तेव्हाच तू ठरवून टाकलं होतंस की ते माणूस तू नाहीस. का ठरवलंस? कुणी सांगितलं होतं तुला?

शेवटची दोन वर्षं मात्र तू लढलीस, हे मी कुणाला विसरू देणार नाही. सेठजी स्वतः मोत्यांची पुडी घेऊन घरी आले होते. "भाभीजी, आप तो आँख बंद करके भी बना देंगी." तू हात जोडलेस, म्हणालीस, "भाईसाहब, बंद ही है." आणि हसलीस. सेठजींना हसावं की रडावं कळेना. ते गेल्यावर तू पाट भिंतीला उभा करून ठेवलास आणि सांगितलंस, याच्यावर आता पापड वाळवायचे. पण सुई एकही चुकवली नाहीस. सौरभनं बोलावलं तरी गेली नाहीस. "त्याला इथे यायला काय झालं?" म्हणालीस. मी मनात टाळ्या वाजवल्या. साखर मोजायचं यंत्र शिकलीस, आकडा बोलून सांगणारं. भाताची वाटी अर्धी केलीस. डावा डोळा जेवढा होता तेवढा तू मुठीत धरून ठेवला होतास.

आणि ते संक्रांतीचं हळदीकुंकू. मंडळाचा हॉल, तिळगूळ, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे. तुला धरून मी खुर्चीवर बसवलं. एक बाई येऊन तुझ्या गालाला हात लावून म्हणाली, "काय हो हे नशीब तुमचं." तू खुर्चीवरून उठलीस. माईक नव्हता, तुला गरजही नव्हती.

"नशीब नाही," तू म्हणालीस. "साखर. आणि माझा गाढवपणा. इथे साखरेच्या गोळ्या खाणाऱ्या किती जणी आहात? हात वर करा. मला दिसणार नाहीत, कुमुदला दिसतील."

हॉलमध्ये कुजबूज झाली. काही हात वर आले, अर्धवट.

"थेंब घालून पडदा तपासलाय कुणी? चष्म्याच्या दुकानातलं नाही विचारत मी. पडदा!"

हात खाली गेले. तू म्हणालीस, "मलाही छान दिसत होतं. नथा गुंफत होते मी तुमच्या मुलींच्या. एक दिवस स्वैपाक करू नका, कुणी मरत नाही. मी इतकी वर्षं रोज केला, कुणी अमर झालं नाही."

कुणीतरी घाईघाईनं गाणं लावलं. नंतर जिन्यात मी एकीला म्हणताना ऐकलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तुलाही ऐकू आलं. तू माझा दंड घट्ट धरलास आणि म्हणालीस, "चल, छान वाटलं." वहिनी, तू उभ्या आयुष्यात त्या दिवसाइतकी सुंदर दिसली नव्हतीस. हे तुला सांगायचं राहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, मटार सोलता सोलता तुझी मान कलली. हृदय. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या माणसांना कधी कधी छातीत दुखतही नाही. आलंच ते. तुझं सगळं असंच न दुखता गेलं. दुखलं असतं तर तू ओरडली असतीस, असं लोक म्हणतात. मला तेही खरं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मला दवाखान्यातून फोन आला. तुझ्या नावापुढे नंबर माझा लिहिलेला होता. "मंगलवार सुबह सुनंदा जी का अपॉइंटमेंट है, कन्फर्म करें?" ती मुलगी गोड आवाजात विचारत होती. तू गेलीस हे मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हाँ. पेशंट आएगा."

दादालाही तीन वर्षांपासून साखर आहे, तुला माहीतच आहे. मोतीबिंदूनंतर स्वतःचे डोळे दाखवायला तो त्या दवाखान्याची पायरी चढलेला नाही. मी सोमवारी जाऊन सांगितलं, उद्या तयार राहा. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीये? मनातलं सुतक संपलं नाही अजून." मी म्हटलं, "दादा, आज नाही म्हणालास तर मी या घरात परत येणार नाही."  सकाळी तो शर्ट घालून जिन्यात उभा होता.

तुझ्या जागी त्याचं नाव घालून घ्या म्हटल्यावर काउंटरवरची मुलगी गोंधळली. डॉक्टरीणबाईंना तू गेल्याचं सांगितलं. मग स्वतः उठून त्यांनी त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. बराच वेळ बघितलं. "शुरुआत है, अंकल," त्या म्हणाल्या. "अभी कुछ करना नहीं पड़ेगा, शुगर ठीक रखिए, छह महीने में फिर दिखाइए. अच्छा किया, वक़्त पर आ गए."

रस्त्यावर आलो तर ऊन त्याच्या डोळ्यांना सोसेना. बाड्यावर गाड्यांचा नुसता गोंधळ. त्यानं चाचपडत माझं कोपर धरलं. म्हणाला, "तिला असंच दिसायचं?"

"याहून कमी," मी म्हटलं. "आणि घरी जाऊन ती तुझा चहा करायची."

तो तिथेच रडायला लागला, भर रस्त्यात. मी त्याला उगी केलं नाही. कोपर सोडवून घेतलं नाही, एवढंच. रिक्षा थांबवली, त्याला आधी चढवलं. मला हायसं वाटलं नव्हतं असं नाही. माझा एकच भाऊ आहे. पण घरापर्यंत डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य माझ्या कानात घुमत होतं आणि मी दात आवळून बसले होते. वेळेवर आला म्हणे. तुझी वेळ घेऊन आला, वहिनी.